मऊ जमिनीवरील पाइलयुक्त भराव आणि मातीतील कमान : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

पुलाच्या पोचभरावाचा (रस्ता पुलाच्या पातळीपर्यंत चढवणाऱ्या भरावाचा) जो छेद या नोंदींत वारंवार येणार आहे, त्याची मापे आज पक्की केली. हा कोणत्याही एका प्रत्यक्ष जागेचा छेद नाही. रायगडच्या खाडीपट्ट्यात जशी सागरी चिकणमाती लागते, तशा जमिनीवरच्या पुढील कामांसाठी तपासलेल्या गणिताची एक चौकट कार्यालयात तयार असावी, म्हणून मांडलेला तो अभ्यासछेद आहे. पुलाच्या अंत्यपायाशी भरावाची उंची ४.० मीटर, पाइलमधील (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांमधील) अंतर दोन्ही दिशांनी २.५ मीटर, पाइलच्या डोक्यावरच्या चौरस काँक्रीट कॅपची बाजू १.० मीटर, भरावाचे एकक वजन २० किलोन्यूटन प्रतिघनमीटर आणि आंतरघर्षण कोन (मातीच्या कणांमधील घर्षण किती, ते सांगणारा कोन) ३५ अंश धरला आहे. वाहनांचा भार आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) रिवाजाप्रमाणे १.२ मीटर मातीच्या थराइतका, म्हणजे २४ किलोपास्कल (किलोन्यूटन प्रतिचौरस मीटर) घेतला. सर्व आकडे भारगुणक (सुरक्षिततेसाठी भार वाढवणारे गुणक) न लावता ठेवले आहेत, कारण या टप्प्यावर सुरक्षिततेपेक्षा वागणूक समजून घेणे महत्त्वाचे आहे.

पाइल खालच्या मुरुमात किंवा खडकात टेकलेल्या आहेत, त्यांवर सुट्या कॅप आहेत, कॅपवर जिओग्रिड (ताण पेलणारी कृत्रिम धाग्यांची जाळी) आहे आणि त्यावर भराव आहे. कॅप एकमेकींना जोडणारा काँक्रीटचा सलग स्लॅब मुद्दाम टाळला आहे. एका पाइलच्या वाट्याला येणारे क्षेत्रफळ ६.२५ चौरस मीटर असून त्यांपैकी कॅपने व्यापलेले केवळ १ चौरस मीटर आहे. भरावाचे ८० आणि वाहनांचे २४ मिळून १०४ किलोपास्कल; म्हणून एका पाइलमागे एकूण भार १०४ गुणिले ६.२५, म्हणजे ६५० किलोन्यूटन होतो. मातीत कमान मुळीच तयार झाली नाही, म्हणजे मातीने घर्षणाने आपला भार बाजूच्या कॅपकडे वळवला नाही, तर त्यातला १०४ किलोन्यूटन कॅपवर आणि उरलेला ५४६ किलोन्यूटन जिओग्रिडवर व खालच्या चिखलावर येईल. या भरावाचे सगळे अर्थकारण हा ५४६ चा आकडा किती खाली येतो यावर अवलंबून आहे.

१२ जून २०२४

आज मूळ संकल्पनेपासून सुरुवात केली. धान्याच्या कोठाराच्या तळावर धान्याचे पूर्ण वजन येत नाही, त्याचा मोठा वाटा घर्षणाने भिंतींवर जातो, हे यान्सेन यांनी १८९५ मध्ये सूत्रबद्ध केले. कार्ल टेरझाघी यांनी १९३६ मध्ये वाळूने भरलेल्या पेटीच्या तळातील झडप अगदी थोडी खाली सरकवून झडपेवरचा दाब मोजला. झडप किंचित खाली जाताच तिच्यावरचा दाब झपाट्याने उतरतो आणि शेजारच्या स्थिर तळावर तेवढाच वाढतो. झडप आणखी खाली नेली की दाब पुन्हा काहीसा चढतो. झडपेच्या रुंदीच्या सुमारे अडीचपट उंचीपलीकडे मातीला खालच्या हालचालीची फारशी जाणीव होत नाही, असाही निष्कर्ष त्यांनी दिला.

आमच्या छेदात दोन कॅपमधली मोकळी जागा १.५ मीटर आहे. तिची अडीचपट ३.७५ मीटर होते आणि भराव ४.० मीटर आहे, म्हणजे सर्वांत उंच भागात पृष्ठभाग जेमतेम या मर्यादेबाहेर राहतो. ही १.५ मीटरची जागा एक लांब फट आहे असे धरून, आडव्या दाबाचा गुणांक (आडवा दाब उभ्या दाबाच्या किती पट, तो आकडा) १ घेऊन टेरझाघींचे सूत्र चालवले, तर फटीवर २१.५ किलोपास्कल दाब येतो. वाहनांच्या २४ किलोपास्कलपैकी खाली पोहोचतो तो जेमतेम अर्धा किलोपास्कल. प्रत्यक्षात ही फट नसून चारी बाजूंनी मोकळी असलेली जाळी आहे आणि तिला आधार फक्त कोपऱ्यांतल्या कॅपचा आहे, त्यामुळे हा आकडा आशावादी समजावा. तरीही दिशा कळण्यास तो पुरेसा आहे.

एक गोष्ट ठळकपणे नोंदवून ठेवते. कमान तयार होण्यासाठी खालची जमीन खचली पाहिजे आणि कॅप जागेवर राहिली पाहिजे. हा फरक निर्माण झाल्याशिवाय माती आपला भार बाजूला टाकत नाही. भराव पूर्ण झाल्याच्या दिवशी कमान अर्धवटच असते आणि चिखल पाणी सोडत खचत जातो तशी ती पक्की होते. म्हणून 'कमानीचा गुणांक', म्हणजे कमानीमुळे कॅपकडे किती भार वळतो ते सांगणारा आकडा, हा भरावाचा स्थिर गुणधर्म मानणे मला पटत नाही. तो त्या-त्या वेळच्या खचणीशी बांधलेला असतो.

१७ जून २०२४

बीएस ८००६ या ब्रिटिश संहितेची पद्धत आज पूर्ण चालवली. आपल्याकडील बहुतेक गणितपत्रके अजून हीच पद्धत वापरतात. तिचा गाभा मार्स्टन यांच्या सूत्रात आहे. अँसन मार्स्टन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आयोवा येथे भरावाखाली पुरलेल्या नळांवरचा भार अभ्यासला होता; भोवतालची माती नळापेक्षा जास्त दबली की नळ आपल्या वाट्यापेक्षा अधिक भार ओढून घेतो, ही त्यामागची कल्पना. पाइल कॅपला असाच एक पुरलेला नळ मानले आहे.

टेकलेल्या पाइलसाठी कमानीचा गुणांक १.९५ गुणिले उंची भागिले कॅपची बाजू, वजा ०.१८, म्हणजे आमच्यासाठी ७.६२ येतो. त्याला बाजू-उंचीच्या गुणोत्तराने गुणून वर्ग केला की ३.६३ मिळतात. कॅपवरचा दाब सरासरीच्या ३.६३ पट, म्हणजे सुमारे ३७७ किलोपास्कल. कॅप १ चौरस मीटरची असल्यामुळे कॅपवर ३७७ किलोन्यूटन, म्हणजे एकूण भाराच्या ५८ टक्के. खाली न टेकता बाजूच्या मातीच्या घर्षणावर उभ्या असलेल्या पाइलसाठी हाच गुणांक ५.९३ वर उतरतो, कारण पाइल स्वतःच थोडी खाली जाते आणि कॅप व जमीन यांच्यातील फरक कमी होतो.

त्यानंतर दोन कॅपमधल्या जिओग्रिडच्या पट्टीवर येणारा भार काढायचा. भरावाची उंची मोकळ्या अंतराच्या १.४ पटीपेक्षा, म्हणजे २.१ मीटरपेक्षा जास्त असल्यास संहिता कमान पूर्ण झाली असे मानते आणि त्या कमानीच्या खालच्या मातीचेच वजन पट्टीवर टाकते. आमच्या पट्टीवर ५२.४ किलोन्यूटन प्रतिमीटर आले.

या साऱ्या गणितात भरावाचा आंतरघर्षण कोन कुठेही लागला नाही. भराव चांगल्या खडीचा असो वा कोकणातल्या चिकट लाल मातीचा असो, उत्तर तेच. ज्या क्रियेचा प्राणच मातीच्या कणांमधील घर्षण आहे, तिच्या सूत्रात घर्षणाला जागा नसावी, हे माझ्या दृष्टीने या पद्धतीचे सर्वांत मोठे न्यून आहे. आराखडा करणाऱ्याचे लक्ष भरावाच्या दर्जावरून त्यामुळे आपोआप उडते.

१९ जून २०२४

कालपासून मनात असलेला ताळा आज कागदावर घेतला. खाली जाणारा भार कुठे ना कुठे पोहोचलाच पाहिजे. कॅपवरचा भार आणि पट्ट्यांवरचा भार मिळून ६५० किलोन्यूटन झाले पाहिजेत. एका पाइलमागे १.५ मीटर लांबीच्या दोन पट्ट्या येतात. त्यांच्यावर ५२.४ गुणिले १.५ गुणिले २, म्हणजे १५७ किलोन्यूटन. त्यात कॅपवरचे ३७७ मिळवले तर ५३४ होतात. सुमारे ११५ किलोन्यूटनचा हिशेब लागत नाही. हा भार कमानीतून कॅपवर गेला असे मानावे लागते, पण संहितेच्या पहिल्या पायरीने कॅपवरचा भार ३७७ असल्याचे आधीच सांगून टाकलेले आहे.

मग भरावाची उंची बरोबर २.१ मीटरवर आणली. या उंचीला दोन्ही सूत्रे लागू पडतात. 'पूर्ण कमान' सूत्राने पट्टीवर ५५.५ किलोन्यूटन प्रतिमीटर येतात आणि 'अर्धवट कमान' सूत्राने ८७.२. भरावावर मातीचा एक थर अधिक टाकताच पट्टीवरचा भार एक तृतीयांशाहून अधिक कमी झाला, असा याचा अर्थ होतो. शोधल्यावर कारण सापडले: वाहनांचा भार शून्य धरला तर दोन्ही सूत्रे तंतोतंत जुळतात. पूर्ण कमानीच्या सूत्रात वाहनांच्या भाराचे पद नाही. २.१ मीटरच्या रेषेवर २४ किलोपास्कल एका झटक्यात गणितातून नाहीसे होतात.

या उंचीवर अर्धवट कमानीचे सूत्र घेऊन ताळा केला तर उलटे चित्र दिसते. एकूण भार ४१२.५ किलोन्यूटन, कॅपवर २२९ आणि पट्ट्यांवर २६२, मिळून ४९१. येथे ७८ किलोन्यूटन जास्त भरले. चार कॅपच्या मधोमध असलेल्या चौकोनाचा भार आडव्या पट्टीवर एकदा आणि उभ्या पट्टीवर पुन्हा एकदा, असा दोनदा मोजला जातो. म्हणजे बुटक्या भरावात ही पद्धत जिओग्रिडवर नसलेला भार टाकते आणि उंच भरावात असलेला भार विसरते. 'ही संहिता सुरक्षित बाजूची आहे' हे सरसकट विधान मी यापुढे कोणत्याही अहवालात करणार नाही. ते उंचीवर अवलंबून आहे.

२४ जून २०२४

ह्यूलेट आणि रँडॉल्फ यांची १९८८ सालची पद्धत. तिला २०१० च्या बीएस ८००६ मध्ये पर्याय म्हणून स्थान मिळाले. येथे मातीत अर्धगोलाकार घुमट कल्पिले आहेत. कर्णावरच्या दोन कॅप हे त्या घुमटाचे पाय आणि घुमटाचा माथा कॅपच्या पातळीपासून अंतर भागिले वर्गमूळ २ इतक्या उंचीवर, आमच्याकडे १.७७ मीटरवर. घुमट दोन ठिकाणी मोडू शकतो: माथ्यावर, किंवा जिथे चार घुमट एका कॅपवर येऊन टेकतात तिथे. दोन्ही ठिकाणांची परीक्षा करायची आणि कमी उत्तर धरायचे. घर्षणाचा कोन सूत्राच्या घातांकात असल्यामुळे भरावाच्या दर्जाचा परिणाम लगेच दिसतो.

३५ अंशांसाठी माथ्यावरची परीक्षा ०.७६ देते आणि कॅपवरची ०.८२. म्हणून माथा निर्णायक. एकूण भाराचा ७६ टक्के, सुमारे ४९३ किलोन्यूटन, पाइलवर आणि १५७ किलोन्यूटन मधल्या जागेत. तिथे सरासरी ३० किलोपास्कल. हाच कोन ३० अंश धरला तर मधल्या जागेत १८७ किलोन्यूटन येतात आणि ४० अंशांना १३८. चांगली, कोनेदार, नीट दाबलेली खडी वापरली की जिओग्रिडवरचा भार एक चतुर्थांशाहून अधिक उतरतो, हे ठेकेदाराला पटवून देण्यासाठी या दोन आकड्यांचा आधार पुरेसा आहे.

या पद्धतीचा १५७ आणि बीएसच्या पट्ट्यांवरचा १५७ हा मेळ पाहून कार्यालयात समाधान व्यक्त झाले. तो योगायोग आहे, हे दाखवण्यासाठी उंची ६.० मीटर करून दोन्ही गणिते पुन्हा केली. घुमटाच्या पद्धतीत मधला भार १७१ वर चढला. बीएसच्या पद्धतीत तो १५४ वर उतरला. भराव दोन मीटरने वाढवला आणि जिओग्रिडवरचा भार घटला, हे निसर्गात घडणे शक्य नाही.

पाइलमधील अंतर २.५ वरून ३.० मीटर करून पाहिले, कारण खर्चाची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न हाच येतो. पाइलची संख्या सुमारे ३१ टक्के कमी होते. पण मधल्या जागेचा भार १५७ वरून ३२५ किलोन्यूटन होतो, म्हणजे दुपटीहून अधिक. मोकळ्या जागेच्या विस्तारापेक्षा तिच्यावरच्या भाराची वाढ कितीतरी वेगाने होते. पाइलमध्ये वाचवलेला पैसा जिओग्रिडमध्ये आणि पुढे रस्त्याच्या दुरुस्तीत जाईल. कॅपचा आकार वाढवणे हा त्याहून शहाणपणाचा मार्ग आहे.

१ जुलै २०२४

आज आकडे बाजूला ठेवून प्रयोगशाळेत वाळूची पेटी लावली. समोरची बाजू जाड अॅक्रिलिकची, तळात मध्यभागी १०० मिलिमीटर रुंदीची पट्टी आणि ती खालून स्क्रूने अगदी सावकाश उतरवता येईल अशी व्यवस्था. चाळून वाळवलेली वाळू थराथराने ओतली आणि प्रत्येक थरावर काचेलगत गेरूत रंगवलेल्या वाळूची पातळ रेघ दिली. वाळू ३०० मिलिमीटर उंच, म्हणजे पट्टीच्या रुंदीच्या तिप्पट.

स्क्रू फिरवल्यावर सर्वांत खालची रेघ पट्टीच्या दोन्ही कडांपाशी तुटली आणि मधला भाग पट्टीबरोबर खाली गेला. तिच्या वरची रेघ थोडी वाकली, त्यावरची त्याहूनही कमी. पट्टीवर एक टोकदार, त्रिकोणी, सैल झालेला भाग डोळ्यांना स्पष्ट दिसत होता. त्याच्या कडेला वाळूचे दाणे एकमेकांवर चढून फुगले होते आणि बाहेरची वाळू जशीच्या तशी होती. प्रयोगशाळेतले काका पेटीच्या माथ्यावर मोजपट्टी आडवी धरून म्हणाले, "मॅडम, वरची रेघ तर हललीच नाही."

नंतर वाळूची उंची १०० मिलिमीटरवर आणून तोच प्रयोग केला. यावेळी खळगा सरळ पृष्ठभागापर्यंत आला. कमान उभी राहायला वर पुरेशी मातीच नव्हती.

तिसरी गोष्ट रेल्वेच्या दृष्टीने मोलाची वाटते. पुन्हा ३०० मिलिमीटर वाळू भरून, पट्टी थोडी उतरवून, कमान तयार झाल्यावर पृष्ठभागावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर वजन चढवले आणि उतरवले. काही फेऱ्यांत फारसे काही दिसले नाही, पण फेऱ्या वाढत गेल्या तशी मधली रेघ हळूहळू वाकू लागली. उंची कमी करून हेच केले तेव्हा वाकणे लवकर आणि जास्त झाले. आवर्ती भाराखाली बुटक्या भरावातील कमान दुबळी होते, हे परदेशांतील मोठ्या प्रतिकृतींवरही दिसलेले आहे. रेल्वेच्या भरावासाठी कमान पूर्ण मानून जिओग्रिड काटकसरीने निवडणे योग्य नाही, हे मत या पेटीसमोर उभे राहून अधिक घट्ट झाले.

८ जुलै २०२४

नेदरलँड्सचे काम वाचण्यात सारा दिवस गेला, आणि तो सार्थकी लागला. त्या देशाच्या पश्चिम भागात पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती) आणि मऊ चिकणमाती खोलवर आहे, भूजल जमिनीला टेकलेले आहे, आणि रस्ता बांधून वर्षानुवर्षे खचण्याची वाट पाहणे तिथे परवडत नाही. गीसेनबर्ग येथील 'क्योटो रोड' हा २००५ मधला रस्ता मोजमापांमुळे प्रसिद्ध आहे: पाण्याखाली राहणाऱ्या लाकडी पाइल, त्यांवर ०.३ मीटर व्यासाच्या छोट्या काँक्रीट कॅप, पाइलमधील अंतर १.२७ मीटर आणि भराव अवघा १.१५ मीटर. इतक्या बुटक्या भरावात बीएसच्या मूळ पद्धतीने काढलेला जिओग्रिडवरचा भार मोजलेल्या भारापेक्षा पुष्कळ जास्त निघाला. १९ जूनच्या ताळ्यात ७८ किलोन्यूटन जादा का आले, त्याचे प्रत्यक्षातले रूप हेच असावे. डच संशोधकांनी पुढे उभ्या बलांचा समतोल पाळणारी सुधारित आवृत्तीही मांडली.

सुझान व्हॅन एकेलेन यांनी डेल्टारेस या डच संशोधन संस्थेत प्रतिकृतींवर प्रयोगांची मालिका केली आणि डेल्फ्ट विद्यापीठातील २०१५ च्या प्रबंधात समकेंद्री कमानींची पद्धत सिद्ध केली. २०१६ मध्ये सुधारलेल्या डच मार्गदर्शिकेने ती स्वीकारली. या पद्धतीत कमान एकच नसून एकात एक बसलेल्या अनेक कमानी आहेत. आतली लहान कमान खाली थोडा दाब देते, बाहेरची मोठी कमान जास्त. जसजशी जमीन खचते तसतशा नव्या कमानी आतून तयार होतात आणि भार बाहेरच्या बाजूला, म्हणजे कॅपकडे आणि दोन शेजारच्या कॅपना जोडणाऱ्या पट्ट्यांकडे सरकतो. मधल्या चौकोनात फार थोडे उरते. पट्टीवरही भार सारखा पसरत नाही; कॅपजवळ जास्त आणि मध्यावर कमी अशी उलट्या त्रिकोणासारखी त्याची वाटणी दिसते. भार कडेला एकवटला की त्याच एकूण भारासाठी जिओग्रिडमधला ताण कमी येतो.

खालची जमीन खचत गेली तशी कमान मजबूत होत गेली, हे त्यांच्या प्रयोगांत मोजून दिसले आहे. घुमटाच्या पद्धतीत खचणीला स्थान नाही आणि बीएसमध्येही नाही. या तिन्हींत मला समकेंद्री कमानींचे चित्र सर्वांत खरे वाटते, कारण एकही जादा गृहीतक न धरता ते पेटीत दिसलेल्या गोष्टी समजावून सांगते.

११ जुलै २०२४

भरावाची किमान उंची. पोचभराव पुलाशी ४ मीटर असला तरी मागे जात जात तो जमिनीला मिळतो, आणि अवघड भाग तिथेच आहे. बीएस ८००६ मोकळ्या अंतराच्या ०.७ पट उंची पुरेशी मानते, म्हणजे आमच्यासाठी १.०५ मीटर. व्हर्जिनिया टेक येथील मॅकग्वायर यांच्या २०११ च्या प्रबंधातले सूत्र वेगळे सांगते: कॅपच्या कडेपासून सर्वांत दूरच्या बिंदूपर्यंतचे अंतर गुणिले १.१५, अधिक कॅपचा व्यास गुणिले १.४४. आमच्या चौरस कॅपशी समतुल्य व्यास १.१३ मीटर, दूरचा बिंदू १.२० मीटरवर, आणि उत्तर ३.०१ मीटर. एकीकडे १.०५ आणि दुसरीकडे ३.०. वाळूच्या पेटीत रुंदीइतक्या उंचीवर खळगा पृष्ठभागापर्यंत आलेला पाहिल्यावर मी ३.० च्या बाजूने आहे. पृष्ठभागावर डांबर असो वा गिट्टी, पाइलच्या डोक्यावर उंचवटे आणि मध्ये खळगे उमटले तर तो दोष नंतर वरून थर टाकून जात नाही, फक्त काही काळ झाकला जातो.

म्हणून भराव ३ मीटरपेक्षा खाली उतरतो तिथे पाइलची जाळी बदलायची ठरवली: अंतर १.५ मीटर, कॅप ०.६ मीटर. याच सूत्राने त्या जाळीला १.८ मीटर उंची लागते. त्याहून बुटक्या भागात पाइल नकोतच. तिथे उभे निचरापट्टे आणि आगाऊ भार देऊन जमीन आधी खचवून घ्यावी, आणि दोन्ही भागांच्या सीमेवर पाइलची लांबी टप्प्याटप्प्याने कमी करावी, म्हणजे न खचणाऱ्या आणि खचणाऱ्या भागांमध्ये पायरी तयार होणार नाही.

१८ जुलै २०२४

जिओग्रिडचा ताण. खालच्या चिखलाचा आधार शून्य धरला. कामाच्या सुरुवातीला यंत्रे चालवण्यासाठी जो मुरुमाचा थर टाकावा लागतो, त्याच्याच वजनाने खालची चिकणमाती पुढे वर्षानुवर्षे खचते आणि जिओग्रिडखाली पोकळी राहू शकते. हीच खचणारी माती पाइलला घासून खाली ओढते, तो भार पाइलच्या गणितात वेगळा धरला आहे.

पट्टीवरचे ५२.४ किलोन्यूटन प्रतिमीटर आणि ५ टक्के ताणवाढ घेतली तर ८२ किलोन्यूटन प्रतिमीटर ताण येतो. ५ टक्के ताणवाढ ऐकायला लहान वाटते, पण १.५ मीटरच्या गाळ्यात जिओग्रिड तेवढा ताणला जाण्यासाठी त्याला मध्यभागी सुमारे २०५ मिलिमीटर लोंबावे लागते. २ टक्क्यांसाठीही १३० मिलिमीटर. बांधकामाच्या काळातच ही लोंबण बहुतांशी होऊन गेली पाहिजे. वाहतूक सुरू झाल्यानंतरची वाढ फार थोडी राहावी, म्हणून दीर्घकाळ हळूहळू ताणत न जाणारा, उच्च दृढतेच्या पॉलिस्टरचा जिओग्रिड निवडला. तो काँक्रीटच्या कॅपवर थेट टेकवायचा नाही. कॅपच्या धारेने तो कापला जातो आणि ताज्या काँक्रीटच्या अल्कधर्मी पाण्याने पॉलिस्टरचे बळ कालांतराने घटते, म्हणून कॅपच्या कडा गोल करून वर वाळूचा पातळ थर द्यायचा.

रस्त्याच्या आडव्या दिशेने आणखी एक भार आहे, तो अनेकदा राहून जातो. उतारांच्या बाजूने भराव बाहेर ढकलला जातो आणि ती ढकल सुट्या पाइल पेलू शकत नाहीत. क्रियाशील दाबाने (माती बाहेर सरकू लागताना ती देत असलेल्या आडव्या दाबाने) ती ६९ किलोन्यूटन प्रतिमीटर येते. म्हणजे आडव्या दिशेच्या जिओग्रिडला एकूण १५१ किलोन्यूटन प्रतिमीटर पेलावे लागतात, लांबीच्या दिशेला मात्र ८२. दोन्ही दिशांना एकच माल मागवण्याचा मोह टाळावा, आणि अंथरताना कोणती दिशा कोणती हे रोलवर रंगाने ठळक दाखवावे, अशी सूचना रेखाचित्रावरच लिहिली.

१५७ किलोन्यूटनचा आधार असलेले हे गणित समकेंद्री पद्धतीने पुन्हा तपासून मगच जिओग्रिडची अंतिम श्रेणी ठरवायची आहे. तोवर घुमटाच्या पद्धतीचा भार आणि बीएसचा भार, यांपैकी जो जास्त येईल तो त्या-त्या उंचीला धरावा.

२५ जुलै २०२४

भरावाच्या तळच्या थराचे विनिर्देश लिहून काढले. कॅपच्या पातळीपासून निदान घुमटाच्या माथ्यापर्यंत, म्हणजे १.८ मीटर, तुटलेल्या खडकाची कोनेदार, नीट प्रतवारीची खडी. माती-मुरुमाचा भराव त्याच्या वर. ३५ अंशांचा कोन गृहीत धरला आहे, तो प्रत्यक्ष मालावर मोठ्या पेटीतल्या कर्तन चाचणीने सिद्ध झाल्याशिवाय माल स्वीकारायचा नाही. पहिला थर जिओग्रिडवर हलक्या यंत्राने पसरायचा आणि जड कंपन रोलर पुरेशी जाडी झाल्यावरच आणायचा. त्यात एक अडचण आहे: खालचा चिखल मऊ असल्याने पहिल्या थराला घनता मिळणे कठीण जाते, आणि कमानीच्या पायथ्याशी नेमकी तीच घनता हवी असते. त्यासाठी पहिल्या थराखाली दोन जिओग्रिडच्या मध्ये खडीचा पातळ थर बंदिस्त करण्याचा पर्याय ठेवला आहे.

रेखाचित्रांवर एक सूचना मोठ्या अक्षरांत घातली. या भरावातून पुढे जलवाहिनी, केबल किंवा गटारासाठी चर खोदायचा असल्यास तो कॅपच्या पातळीपासून १.८ मीटरच्या आत जाणार नाही. चर खोदला की तिथली कमान मोडते, आणि चर पुन्हा भरला तरी तिथे जुनी कमान परत येत नाही. खालची जमीन नव्याने खचल्यावरच नवी तयार होते, आणि ती खचण रस्त्यावर दिसते. रस्ता बांधणारे आणि वीस वर्षांनी चर खोदणारे हे वेगळे लोक असतात. म्हणून ही सूचना देखभालीच्या नोंदवहीतही गेली पाहिजे.

मोजमापाची आखणी: एका कॅपवर जिओग्रिडच्या वर एक आणि खाली एक असे दाबमापक, दोन कॅपमधल्या पट्टीच्या मध्यावर एक आणि चार कॅपच्या मधल्या चौकोनात एक. जिओग्रिडच्या वरचा आणि खालचा दाब वेगळा मोजला तरच कमानीने थेट किती नेले आणि जिओग्रिडच्या ताणामार्फत किती गेले, हे सुटे करता येते. चौकोनातल्या दाबमापकाशेजारी खचण मोजणारी नळी हवीच. दाबाचा आकडा खचणीशिवाय वाचला तर त्याचा अर्थ लागत नाही. वाचन पहिला थर टाकण्यापूर्वी सुरू करायचे, भराव चढताना प्रत्येक थराला घ्यायचे, आणि त्यानंतर निदान दोन पावसाळे चालू ठेवायचे, कारण खाडीतल्या भूजलाची पातळी बदलली की चिखलाचा आधार बदलतो आणि कमानही. उपकरणांच्या केबल पाइल कॅपच्या कडेने न नेता चौकोनाच्या मध्यातून बाहेर काढायच्या, हे ठिकाण उद्याच्या रेखाचित्रात दाखवायचे आहे.